तुमच्या कपात कॉफी किती आणि साखर किती?

जयपूरच्या बनी पार्कमध्ये हिवाळ्यात कुणी तुम्हाला ‘कॉफी घेणार का?’ असं विचारलं, तर समोर नेमकं काय येईल हे आधी सांगता येत नाही. जुन्या हवेल्यांची हॉटेलं झाली आहेत, तिथे परदेशी पाहुण्यांसमोर बिनदुधाची काळी कॉफी येते. त्याच रस्त्यावरच्या लग्नाच्या मांडवात ‘एस्प्रेसो’ नावाने जे मिळतं, ते वाफेच्या मशिनवर फेसाळलेलं गोड दूध असतं आणि त्यावर चॉकलेट पावडर भुरभुरलेली असते. नोकरीनिमित्त इथे आलेल्या एखाद्या मराठी घरात गेलात, तर जायफळ किसून घातलेली, दाट दुधाची, पिवळसर तपकिरी कॉफी बशीसकट हातात पडते. तिन्हींचं नाव कॉफीच.

हे सांगायचं कारण असं की, आपल्या फोनवर रोज एक तरी बातमी येते. कॉफी प्या आणि हृदय सांभाळा, कॉफी प्या आणि मधुमेह टाळा. फॅमिली ग्रुपवर काका ती फॉरवर्ड करतात, मावशी खाली अंगठा दाखवते आणि संध्याकाळी आणखी एक कप चढतो. पण त्या बातमीतली कॉफी या तीन कपांपैकी कोणती, हे विचारायचं राहून जातं.

कॉफीचे फायदे खरे आहेत का? बऱ्याच अंशी हो. मात्र ते कॉफीचे आहेत. तिच्या सोबतीने कपात उतरणाऱ्या साखरेचे आणि सायीचे नाहीत.

संशोधन काय सांगतं?

२०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. तोवर कॉफीवर झालेल्या दोनशेहून अधिक विश्लेषणांचा त्यात एकत्र विचार केला होता. दिवसाला तीन ते चार कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये, अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के कमी दिसला. हृदयविकार, टाइप २ मधुमेह, पार्किन्सन्स आणि काही प्रकारचे कर्करोग यांच्या बाबतीतही कल त्याच दिशेचा होता.

सगळ्यात ठळक फायदा दिसतो तो यकृताला. दारूला न शिवणाऱ्या माणसाच्याही सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ लिहून येण्याचे हे दिवस आहेत, म्हणून ही गोष्ट जरा लक्षपूर्वक वाचा. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृत कडक होण्याचा आजार, म्हणजे सिरोसिस, आणि यकृताचा कर्करोग यांचं प्रमाण कमी असल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं होतं. पंचवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच संस्थेने तिला त्या यादीतून बाहेर काढलं. मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयं, मग ती कोणतीही असोत, अन्ननलिकेसाठी बहुधा घातक असल्याचं तिने नोंदवलं. आजोबा बशीत ओतून, फुंकर मारून पितात, त्यावर हसू नका. ते योग्यच करत आहेत.

हे होतं कशामुळे? कॉफी म्हटलं की आपल्याला फक्त कॅफिन आठवतं. दिवसभरात मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि आपल्याला थकवा, झोप जाणवू लागते. कॅफिन या अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. थकवा कुठे जात नाही, फक्त त्याचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पण कॉफीच्या बीमध्ये याशिवाय क्लोरोजेनिक आम्लासारखी अनेक द्रव्यं असतात आणि बराचसा फायदा त्यांचा असावा असं मानलं जातं. कारण कॅफिन काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांमध्येही मधुमेहाचा धोका कमी दिसतो.

इथे एक खुलासा करायलाच हवा. यातले बहुतेक अभ्यास माणसांच्या सवयी वर्षानुवर्षं नोंदवून केलेले आहेत. कॉफी पिणारे जास्त जगले, एवढं त्यांतून दिसतं. कॉफीमुळेच जगले, हे त्यांतून शंभर टक्के सिद्ध होत नाही. त्यामुळे ज्यांना कॉफी आवडत नाही त्यांनी औषध म्हणून ती सुरू करायची काहीच गरज नाही. ज्यांना आवडते त्यांनी मात्र निर्धास्त व्हावं आणि पुढचा भाग वाचावा.

आपला कप मोजून बघू

मराठी घरात कॉफी पाहुण्यांसाठी आणि थंडीसाठी. एरवी राज्य चहाचंच. पेस्तनजी दलाल या पारशी गृहस्थाने मुंबईत पोल्सन हे नाव घराघरांत नेलं ते आधी कॉफीमुळे, लोणी नंतर आलं. जुन्या पिढीला कॉफीच्या वड्याही आठवत असतील, दुधात टाकायच्या आणि उकळायच्या. महाराष्ट्रात कॉफी पिकतेसुद्धा, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सातपुड्याच्या थंड हवेत. तरीही दक्षिणेसारखी रोजच्या फिल्टर कॉफीची शिस्त आपल्याकडे रुजली नाही. आपली कॉफी म्हणजे लाड. दूध जास्त, साखर सढळ, वेलची-जायफळाचा सुवास आणि या सगळ्यात चवीपुरती कॉफी.

लाड म्हणून ती उत्तमच आहे. प्रश्न येतो तो रोज तीन कप होऊ लागले की.

हिशेब साधा आहे. एका कपात दोन चमचे साखर धरली, तर तीन कपांत सहा चमचे होतात, म्हणजे साधारण २५ ते ३० ग्रॅम. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे शिरा, बिस्किट, केचप यांचं नावही न काढता दिवसाचा कोटा कॉफीतच संपला. दुधाचंही तसंच. फुल क्रीम दुधाच्या १०० मिलीमध्ये सुमारे सहा ग्रॅम फॅट असतं, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात आला आहे. अशा वेळी मधुमेह टाळण्यासाठी म्हणून गोड कॉफी वाढवणं म्हणजे आग विझवायला रॉकेल आणण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच मुद्द्यावर बोट ठेवतो. सुमारे ४६,००० प्रौढांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काळी किंवा अगदी कमी साखर आणि कमी सायीची कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १४ टक्के कमी दिसला. भरपूर साखर आणि क्रीम घालणाऱ्यांमध्ये मात्र तो फायदा दिसलाच नाही. आणि कमी साखर म्हणजे किती? जवळपास २४० मिलीच्या मोठ्या कपाला अडीच ग्रॅम, साधारण अर्धा चमचा. वाचून घशाखाली उतरत नाही ना? पण जीभ शिकते. दर आठवड्याला पाव चमचा कमी केलात तर महिना-दीड महिन्यात जुनी कॉफी तुम्हालाच अतिगोड लागेल.

दूध वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. प्रथिनं आणि कॅल्शियम हवं असेल तर दूध जरूर प्या, पण त्याला दूध म्हणा. कॉफीच्या नावावर दोन कप साय-साखर पोटात जाऊ देऊ नका.

बाजारातली तयार सॅशे हा तर वेगळाच विषय. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते आणि नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचं नाव आधी येतं. थ्री-इन-वन प्रकारच्या पाकिटावर पहिलं नाव बहुतेक वेळा साखरेचं सापडेल. आईस्क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीबद्दल मी काही बोलत नाही. ते मिष्टान्न आहे, वाढदिवसाला खावं.

पाकीट हातात आहेच, तर आणखी एक शब्द शोधा: चिकोरी. हे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्याने कॉफीला दाटपणा आणि कडसर रंग येतो, किंमतही आटोक्यात राहते. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असायलाच हवी आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी घातक नाही, तिच्यात कॅफिनही नसतं. पण ज्या फायद्यांबद्दल आपण बोलतोय ते कॉफीचे आहेत, तेव्हा ७०:३० आणि ५३:४७ यांतला फरक लक्षात घेऊन पैसे मोजा.

जेवणाआधी नको, नंतर लगेच तर नकोच

आता जो मुद्दा बातम्यांत क्वचितच येतो, तो. घरातल्या बायकांनी आणि मुलींनी हा भाग वाचावाच.

भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. महाराष्ट्र असो वा राजस्थान, निम्म्याहून अधिक स्त्रिया यात येतात. आणि आपली सवय काय? पोळी-भाजी झाली की लगेच कप. मेथी, मसूर, नाचणी यांतलं लोह आधीच शरीरात कमी शोषलं जातं. त्यावर चहा-कॉफी पडली की त्यांतली टॅनिनसारखी द्रव्यं या लोहाला धरून ठेवतात. १९८३ मधल्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं होतं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण तासाभरानंतर घेतलेल्या कॉफीने जवळपास तेवढंच नुकसान केलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर मी म्हणेन, जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी कॉफीसोबत तर कधीच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांचंही असंच होतं. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि पाठोपाठ गरम कॉफी, ही अनेक घरांतली रीत आहे. कॉफीमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, मग रिपोर्ट बिघडतो आणि डोस वाढतो. गोळी साध्या पाण्यासोबत घ्या आणि कॉफी निदान अर्ध्या-पाऊण तासाने. सासूबाईंचा डोस सारखा बदलत असेल तर त्यांना आधी हे विचारून बघा.

जायफळाच्या भरवशावर राहू नका

‘जायफळाने झोप येते, म्हणून रात्री जायफळाची कॉफी चालते’ हे तुम्ही ऐकलं असेल. कॉफीतलं चिमूटभर जायफळ सुवास देतं, पण कॅफिन पुसून टाकत नाही. कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफिनच्या मोठ्या डोसनेही झोप तासाभराहून अधिक घटली होती. झोप लागते हो, पण ती उथळ असते. सकाळी अंग जड वाटतं आणि ते जडपण घालवायला पुन्हा कॉफी लागते. जायफळ जास्त घालून झोप आणायचा विचारही नको. चमच्याने घेतलेलं जायफळ विषारी ठरू शकतं.

उलट सकाळच्या कॉफीच्या बाजूने आता चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या. मुख्यतः सकाळी कॉफी पिणाऱ्यांमध्ये, न पिणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचा धोका १६ टक्के कमी होता आणि हृदयविकाराने मृत्यूचा ३१ टक्के कमी. दिवसभर थोडी थोडी पीत राहणाऱ्यांमध्ये हा फायदा दिसला नाही. तेव्हा दुपारी दोनच्या आसपास कॉफीचा डबा बंद केलेला बरा.

किती आणि कुणी?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या म्हणण्यानुसार १५० मिलीच्या एका कपात इन्स्टंट कॉफीचं कॅफिन ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं, फिल्टरच्या किंवा दळलेल्या पुडीच्या कॉफीचं ८० ते १२० आणि चहाचं ३० ते ६५. दिवसभराची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. चहा यात धरायचा, हे विसरू नका. चार कप चहा आणि वर दोन कप कॉफी पिणारी व्यक्ती या रेषेला सहज टेकते.

गरोदर स्त्रियांसाठी ही मर्यादा अनेक देशांत २०० मिलिग्रॅम मानली जाते. मुलांबाबत आपण फारच ढिले आहोत. दूध पीत नाही म्हणून चिमूटभर कॉफी घालून देणं घरोघरी चालतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी नकोच, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दिलीच तर अर्ध्या कपापेक्षा जास्त नको. परीक्षेच्या काळात रात्री दोनला कॉफी करून देणाऱ्या आयांनो, मुलाला त्या वेळी झोपेची जास्त गरज असते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच.

रक्तदाब १६०/१०० च्या वर जात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये रोज दोन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर दळलेली पूड भांड्यात उकळून पिऊ नका. त्यात कॉफीतलं तेलकट द्रव्य कपात उतरतं आणि ते एलडीएल वाढवतं. कागदी गाळणीने गाळलेल्या किंवा इन्स्टंट कॉफीत ते फार कमी असतं.

आणि उपवास. चतुर्थीला पोटात दुसरं काही नसताना सकाळपासून तीन कप कॉफी, मग संध्याकाळी छातीत जळजळ. कॉफीने पोटातलं आम्ल वाढतं, काहींना ते सोसतं, काहींना अजिबात नाही. उपवासाला आधी केळं किंवा दोन खजूर खा, मग कप घ्या. रोज पिणाऱ्यांनी उपवासाला एकदम बंद केली तर डोकं दुखतं, तेही खरं आहे. तो त्रास दोन-चार दिवसांत जातो. हळूहळू कमी केली तर होतही नाही.

घरची कॉफी, थोडी बदलून

जायफळाची कॉफी सोडायची गरज नाही. दोन कपांसाठी एक कप पाणी आणि एक कप टोन्ड दूध घ्या. पाणी आधी उकळा, त्यात जायफळाचे चार-पाच फेरे किसा आणि एक वेलची ठेचून टाका. सालीसकट टाकली तरी चालते, सुवास जास्त येतो. दोन मिनिटांनी दूध घाला. उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच दीड चमचा इन्स्टंट कॉफी घालून ढवळा. कॉफी घातल्यावर उकळत ठेवली की ती कडू होते, आणि कडू झाली की आपण साखर वाढवतो. साखर भांड्यात घालू नका, ज्याची त्याला कपात घेऊ द्या. चमचा मात्र लहान ठेवा.

गाळून कपात ओता, पाच मिनिटं थांबा आणि सकाळच्या नाश्त्याच्या तासभर आधी प्या.